आधी तोंड पूस

कळंबा रस्त्यावर आकारामचं पंक्चरचं दुकान आहे. सकाळी साडेआठला आदर्शने तिथं गाडी उभी केली तेव्हा आकाराम एका टेम्पोवाल्यावर ओरडत होता. "ओ पावणं, गाडी म्होरं घ्या की! रस्ता काय सासऱ्यानं आंदण दिलाय व्हय?" टेम्पोवालाही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानेही आकारामच्या सात पिढ्यांची आपुलकीने चौकशी केली आणि मग दोघे हसले. कोल्हापुरात याला भांडण म्हणत नाहीत, सकाळ झाली म्हणतात. तेवढ्यात आकारामचं लक्ष गाडीकडे गेलं आणि तो एकदम गप्प झाला. त्याने मागच्या खिशातून फडकं काढलं, दोन्ही हातांनी ओठांपाशी नेलं, डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत एकदाच, सावकाश तोंड पुसलं आणि घडी घालून परत खिशात ठेवलं. "नमस्कार सर," तो म्हणाला. "मागच्या दोन्ही चाकांत हवा कमी आहे. मी भरून देऊ का?" फडकं ग्रीसचं होतं. ओठांवर आणि हनुवटीवर काळा पट्टा उठला होता. टेम्पोवाला खो खो हसायला लागला. "आक्या, लेका ह्ये कसलं सोंग रं?" आकाराम हसला नाही. तसाच काळ्या तोंडाने ताठ उभा राहून तो आदर्शकडे बघत राहिला, आणि तो कशाची वाट बघतोय हे आदर्शला कळायला थोडा वेळ लागला. पाच वर्षांपूर्वी तिसऱ्या बाकावर बसूनही तो याचीच वाट बघायचा. "छान," आदर्श सवयीने म्हणाला. मग आकाराम पंपाकडे वळला.

हवा भरून होईपर्यंत आदर्श गाडीतच बसून राहिला.  खरं तर आज त्याला दुसऱ्याच गोष्टीची काळजी होती. दहा वाजता त्याची आई, मीनाबाई, जयसिंगपूरला थोरल्या लेकीकडे चालली होती, आणि चार दिवसांसाठी नव्हे, कायमची. गेले तीन महिने ती आदर्शशी एक शब्द बोललेली नव्हती. तिला आपणच गाडीतून सोडायचं असं त्याने ठरवलं होतं, त्यात त्याचा एक डाव होता. तासाभराचा रस्ता, गाडीत दोघंच. माणूस गप्प बसून बसणार किती? शिरोलीच्या नाक्यावर जुन्या कारखान्याची चिमणी दिसली की काहीतरी बोलेलच. एक शब्द हवा होता त्याला. शिवी दिली तरी चालणार होतं. लहानपणी ती त्याला 'मुडद्या' म्हणायची. तेवढं म्हणाली असती तरी त्याने गाडी बाजूला घेऊन तिचे पाय धरले असते. निदान धरले असते असं त्याला वाटत होतं.

आता आदर्श सर कोण, ते सांगायला हवं; म्हणजे कोल्हापुरात सांगायची गरज नाही, पाटी सगळ्यांनी बघितलेली आहे. 'आदर्श सर – व्यक्तिमत्त्व विकास, संभाषण कला, मुलाखत तयारी.' पाटीवर आडनाव नाही. आडनाव कशाला हवंय, माणूस कामाने ओळखला जावा, असं सर म्हणत, आणि ऐकणारे माना डोलवत आणि मग चहा पिता पिता विचारत, "सर, मूळ गाव कुठलं तुमचं?" घराच्या खालच्या मजल्यावर वर्ग. कागल, शिरोळ, पन्हाळ्याकडची पोरं येत. ती येताना 'हाय', 'न्हाय' आणि 'गेलतो' घेऊन येत आणि तीन महिन्यांनी 'आहे', 'नाही' आणि 'गेलो होतो' घेऊन जात. सरांची पद्धत साधी होती. टेबलावर पांढऱ्या रुमालांची चळत असायची. ज्याच्या तोंडून गावठी शब्द गेला त्याने बोलणं तिथंच थांबवायचं, रुमाल उचलायचा, सगळ्यांसमोर तोंड पुसायचं आणि वाक्य पहिल्यापासून बोलायचं. सर कधी ओरडत नसत, मारत नसत. उलट पोराने तोंड पुसून नीट वाक्य म्हटलं की 'छान' म्हणत. पोरांना ते 'छान' फार गोड लागायचं. काही पोरं घरी जाऊन आईबापासमोरही तोंड पुसायला लागली, तेव्हा आईबापांना धन्य वाटलं. आकाराम तर मुलाखतीतही म्हणे आधी रुमाल काढायचा. नोकरी लागली नाही ती नाहीच, पण रुमाल लागला तो कायमचा.

या पद्धतीची गोष्ट सर प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच तासाला सांगत. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक पिवळा पडलेला रुमाल लावला होता, त्याच्या कोपऱ्यात जांभळ्या धाग्याचं फूल. सातवीत असताना शहरात वक्तृत्व स्पर्धा होती. शिरोलीच्या शाळेतून सहा पोरं आणली होती, सहाही जण पडद्यामागे बाकावर ओळीने बसलेले. आदर्शचं नाव पुकारलं. सोबत आलेल्या शिक्षिका संयोगिताबाईंनी पर्समधून स्वतःचा रुमाल काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी तोंड पूस. मग बोल." त्याने पुसलं, बोलला, पहिला आला. या ठिकाणी सर थोडं थांबायचे. मग पोरांना हसवायला एक फोडणी द्यायचे: "आणि गंमत बघा, माझ्या शेजारच्या मुलाच्या तोंडाला तर कानापर्यंत गूळ लागला होता!" वर्ग हसायचा. मग सर सांगायचे, स्पर्धेनंतर रुमाल परत द्यायला गेलो तर बाई म्हणाल्या, राहू दे, तुलाच ठेव. ते माझं पहिलं बक्षीस.

ही गोष्ट त्याने दोनशे वेळा तरी सांगितली असेल. आज पंक्चरच्या दुकानासमोर, पंपाच्या फसफस आवाजात, ती त्याला पहिल्यांदा ऐकू आली. बाकावर सहा पोरं होती. शेजारच्या पोराच्या तोंडाला गूळ लागला होता आणि त्याला कुणी रुमाल दिला नाही. ते तसंच गुळाच्या तोंडाने स्टेजवर गेलं आणि बोलून आलं. आदर्शच्या तोंडाला काही लागलेलं नव्हतं. सकाळपासून त्याने काही खाल्लंच नव्हतं. रुमाल परत करताना बाईंचा हात पुढे आला होता की नव्हता? त्याने आठवून बघितलं. एका हातात पर्स होती. दुसरा हात पदराखाली होता. "राहू दे. तुलाच ठेव." बाई चांगल्या होत्या, हे तो आजही कुणाशीही पैजेवर बोलला असता, त्याच्यासाठी पुस्तकं आणायच्या, त्याच्या यशाने त्यांचे डोळे भरायचे. त्यांच्या मनात तसं काही नसेलही. पण हात पदराखाली होता. त्या दिवशी घरी गेल्यावर मीनाबाईने रुमाल उलटसुलट करून बघितला होता. "कशाला दिला रं?" "तोंड पुसायला." "समद्यास्नी दिला?" "न्हाई, मला एकट्यालाच!" केवढ्या फुशारकीने सांगितलं होतं त्याने.  रात्रभर तो रुमाल चुलीपाशी पडून होता आणि सकाळी ती म्हणाली होती, "जा, दिऊन यी त्यांचा त्यास्नी." त्याने रडून आकांत मांडला तेव्हा तिने नाद सोडला. म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. चौथी नापास बाईला जे एका नजरेत कळलं ते कळायला सरांना तेहतीस वर्षं लागली, आणि तेही ग्रीसने बरबटलेल्या एका तोंडामुळे. त्याला स्वतःची शिसारी आली. आकाराम काचेवर टकटक करत होता. "सर, हवा भरून झाली आहे." तोंड अजून तसंच काळं होतं.

मीनाबाईचा आवाज हा शिरोली एमआयडीसीत एकेकाळी प्रसिद्ध प्रकार होता. नवरा लवकर गेला. तिने फाउंड्रीत वाळूचे कोर, म्हणजे साच्यातले गाभे, भरायचं काम धरलं आणि एकवीस वर्षं केलं. भट्टी, हातोडे, साचे फोडायचं यंत्र, या सगळ्या दणदणाटात शेजारणीला 'पाणी दे' म्हणायचं तरी छातीतून ओरडावं लागायचं. तसाच आवाज घरी यायचा. काळ्या वाळूने माखलेली ती गल्लीच्या तोंडापासूनच हाक द्यायची, "आदर्शाऽ, चूल पेटीव रंऽ!" आणि सगळ्या वस्तीच्या चुली पेटायच्या. विहारात वंदना सुरू झाली की बाकीच्यांनी नुसते ओठ हलवले तरी चालायचं. ती बोलायची ते रस्त्यासारखं सरळ बोलायची, कुणाची भीड नाही. तिची शेखी एकच होती. तिच्या आईने, आजीने दुसऱ्याच्या दारात शेणघाण काढण्यात जन्म घालवला, शिळ्या भाकरीवर. मीनाबाईने वस्तीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं, लोखंड उचलीन, वाळू उचलीन, पर दुसऱ्याच्या घरातलं भांडं घासनार न्हाय. फाउंड्री दोन महिने बंद पडली होती तेव्हा सोसायटीतल्या बायका घरकामाला बोलवायला आल्या होत्या. तिने पोरांना मीठभाकरी खायला घातली, पण गेली नाही. "कामगार हाय मी," म्हणायची. "मोलकरीन न्हवं."

गुडघे गेल्यावर, सहा वर्षांपूर्वी, आदर्शने तिला कळंब्याला आणलं. आणलं म्हणजे मिरवत आणलं, गच्चीवर सगळ्यांना जेवण दिलं. पण चारच दिवसांत लक्षात आलं की आईचा आवाज खालच्या मजल्यावर जातो. सर खाली 'स्वर मृदू ठेवा' शिकवत असत आणि वरून आवाज येई, "अनुजा, दूध उतू चाललंय की गं!" अनुजा त्याची बायको, बँकेत नोकरीला, तिला हे सगळं गमतीचं वाटायचं. त्याला वाटायचं नाही. "आई, हळू. खाली मुलं आहेत." मग, "आई, 'हाय' नाही, 'आहे'." मग, "आई, फोनवर एकदम 'जयभीम' म्हणू नकोस, क्लासचे फोन असतात, 'नमस्कार' म्हण." बाई असून 'येतो', 'जातो' म्हणायची तिकडची रीत, ती तर त्याला मुळीच खपत नसे. मीनाबाई आधी हसायची. "म्हातारपनी मला बाराखडी शिकवतोस व्हय रं?" कधी खट्याळपणे पदराने तोंड पुसून दाखवायची, "घ्या सर, पुसलं." तीही खाली काय चालतं ते जिन्यातून बघून आली होती. हळूहळू तिची वाक्यं तोकडी झाली. मग नुसतं 'बरं' उरलं. आवाज असा कमी कमी होत गेला की तो शांतपणा घराला शोभतो असंच आदर्शला वाटलं.

आणि त्याने एक काम केलं होतं, ते मात्र आता गाडी चालवताना आठवलं तसं त्याचे कान तापले. वर्गात 'कसं बोलू नये' हे दाखवायला त्याने एक पात्र बसवलं होतं, तानाबाई. डोक्यावर पदर घेतल्यासारखं करायचं, कमरेवर हात ठेवायचा आणि आवाज काढायचा, "आवं पावणं, च्या घ्या की! लाजताय व्हय?" पोरं बाकावर लोळायची. पालकसभेत तानाबाईची फर्माईश व्हायची. आवाज कुणाचा होता हे सांगायला नको. पहिल्यांदा त्याने तो काढला तेव्हा वर मीनाबाई धान्य निवडत होती. ती लगबगीने जिन्याच्या वरच्या पायरीवर आली होती आणि चेहरा खुलवून तिने विचारलं होतं, "कोन आलीया रं? कुटली म्हनायची?" इतक्या दिवसांनी आपल्यातली कुणी बाई घरात आली असं तिला वाटलं होतं. वर्ग जास्तच हसला. त्यानंतर ती जिन्यात कधी आली नाही.

तीन महिन्यांपूर्वी विजयसिंह आले. शिरोळकडचे बडे बागायतदार, दारात पांढरी मोठी गाडी, सोबत सार्थक नावाचा मुलगा. असल्या घरचं पोर वर्गात आलं की पाठोपाठ दहा घरं येतात, म्हणून आदर्शने त्यांना खाली न बसवता वर दिवाणखान्यात बसवलं. अनुजा बँकेत गेली होती. तो चहाचं बघायला उठणार तेवढ्यात मीनाबाई पाण्याचा तांब्या आणि दोन पेले घेऊन बाहेर आली. पाहुणा दारी आला की पाणी द्यायचं, एवढंच तिच्या डोक्यात. कितीतरी महिन्यांनी तिचा जुना आवाज निघाला. "घ्या पावणं. गार हाय, माठातलं हाय." विजयसिंहांनी पेला घेतला, भिंतीवर नजर फिरवली, आणि सहज, काही मनात न आणता विचारलं, "ह्या कोन?" ते कसं झालं हे आदर्शला आजही कळत नाही. उत्तर आधी तयार नव्हतं. त्याने तोंड उघडलं आणि ते आतून, गुळगुळीत, शुद्ध बाहेर आलं: "घरकामाला असतात." विजयसिंह घटाघटा पाणी प्यायले. "लई ग्वाड पानी हाय, मावशी," ते म्हणाले. "आमच्यात पन एक हाय, पर टकळी बंद न्हाय तिची. तुमी गुनाच्या दिसताय." या माणसाने 'हाय' म्हटलं, 'लई' म्हटलं, 'न्हाय' म्हटलं, आणि त्याचं काही अडलं नाही. त्याच्या बापजाद्यांच्या सातबाऱ्यावर ते शब्द शोभत होते. तोंड पुसायचं ते दुसऱ्यांनी. मीनाबाईने रिकामा पेला घेतला, आत जाऊन तो घासला. घासल्याचा आवाज दिवाणखान्यात आला. घरात आलेल्या माणसाचा पेला तिने त्याआधी शंभरदा घासला असेल, पण त्या दिवशी ती तो जरा जास्त वेळ घासत होती. सार्थकचा प्रवेश झाला.

त्या दिवसापासून ती आदर्शशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, रडणं नाही. जेवायला वाढायची, त्याचे कपडे घडी करून ठेवायची. एवढंच की पूर्वी न सांगता पलंगावर बसायची ती आता दारात उभी राहायची. तो आत आला की उठायची. पंधरा दिवसांनी त्याने तिला घशाच्या डॉक्टरकडे नेलं, कारण आई रागावली आहे यापेक्षा आईला काहीतरी झालं आहे हे त्याला सोसण्यासारखं होतं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आवाजाला काही झालेलं नाही. बोलायचं नसेल त्यांना." जयसिंगपूरहून आक्काचा, थोरल्या बहिणीचा, फोन आला की आई मागच्या खोलीत तासतासभर बोलते हे त्याला ठाऊक होतं. नऊ वर्षांच्या दीक्षाशी, नातीशी, बोलायची. दाराबाहेर तो उभा राहून ऐकायचा. आतून दोघींची खुसफुस, मध्येच हसू, आणि दारावर हात ठेवला की शांत. दीक्षा तर बापाला बघताच रुमाल काढायची. तिला त्याने कधी शिकवलं नव्हतं. ती बघून बघून शिकली.

महिन्यापूर्वी त्याने माफी मागितली. माफी कशी मागावी यावर त्याचा एक तास असतो: नजर समोर, हात मोकळे, आधी चूक, मग पश्चात्ताप, मग विराम. तो आईसमोर खुर्ची घेऊन बसला आणि बोलला. सात-आठ मिनिटं बोलला. शब्द जागच्या जागी पडले, आवाज एकदा कापला तोही नेमका हवा तिथं. बोलून झाल्यावर कोपऱ्यात बसलेल्या दीक्षाने टाळ्या वाजवल्या. घरात पप्पांचं भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या, हे तिला माहीत होतं. मीनाबाईने त्याच्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती त्याच्याकडे, एखाद्या दुकानात चुकून शिरल्यावर माणूस बघतो तशी बघत होती. दुसऱ्या दिवशी आक्काचा फोन आला. "आदर्श, आईला मी न्हेती. तिला तितं करमत न्हाय. तू आडवू नगंस, आडवायचं तोंड ऱ्हायलंय का तुला?"

घरी पोचला तेव्हा मीनाबाई फाटकाशी पिशवीवर बसलेली होती. एक कापडी पिशवी आणि एक पत्र्याची पेटी. सहा वर्षांत सामान वाढलं नव्हतं. अंगावर निळ्या काठाची पांढरी साडी, जयंतीला नेसायची ती. शेजारी दीक्षा तिचा हात धरून. "गाडीत हवा भरली आहे," आदर्श म्हणाला. "निघू या." अनुजा पायरीवर उभी होती. "त्यांनी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला सांगितलंय," ती म्हणाली. "स्टँडवर जातील, तिथून एसटी. मी म्हटलं होतं तू सोडतोयस म्हणून. त्यांनी नुसती मान हलवली." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "आदर्श, आज भाषण करू नकोस." वर्गाची सकाळची तुकडी खिडकीतून बघत होती. तासभराचा रस्ता, गाडीतलं दोघंच असणं, शिरोलीची चिमणी, सगळं गेलं. आता जे करायचं ते रिक्षा येईपर्यंत.

तो आईसमोर उकिडवा बसला. इतक्या जवळून त्याने तिचे हात बऱ्याच दिवसांत बघितले नव्हते. नखांच्या कडेला फाउंड्रीची काळी रेघ अजून होती, ती कधीच निघणार नव्हती. रुमालाचं सांगावं असं त्याला वाटलं. आये, मला आज कळलं, तुला तेव्हाच कळलं होतं, मी तो काचेत लावला, त्यावर माझी भाकरी मिळवली, मी गाढव आहे. पण हेही भाषणच झालं असतं. भाषण नको. तिच्याच बोलीत, आपल्या जुन्या तोंडाने, एक वाक्य बोलायचं, बस. तो ते वाक्य शोधायला लागला. कसं म्हणायचो मी? गल्लीत खेळताना, अंगाला चिकटून झोपताना कसं म्हणायचो? आत सगळीकडे हात घालून बघितलं तर तिथं त्याचं असं काही सापडेना. शेवटी एक सूर हाताशी आला आणि त्याने तो घट्ट धरला. "आये," तो म्हणाला, "नगं की जाऊस! मला सोडून चाललीस व्हय?"

दीक्षा खुदकन हसली. खिडकीतली पोरंही हसली, एकदोघं तर टाळ्या देत. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या तोंडून तानाबाई बोलली होती. तोच हेल, तोच शेवटचा 'व्हय', कमरेवर हात तेवढा नव्हता.  दुसरा आवाज त्याच्याकडे नव्हता. एक होता तो भाषणाचा, आणि एक हा, आईची नक्कल करायचा. या दोन्हींच्या मध्ये जो कुणी पोरगा होता, त्याला त्याने कधीतरी पुसून टाकला होता, छान म्हणत म्हणत. त्याला रडू आलं. खरं रडू आलं, पण ते तरी आईला खरं का वाटावं?

मीनाबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. तिने त्याच्याकडे बघितलं आणि पदराचं टोक हातात घेतलं. क्षणभर त्याला वाटलं ती त्याचे डोळे पुसणार. तिने पदर स्वतःच्या ओठांना लावला, डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत, एकदाच. मग ती बोलली. तीन महिन्यांनी तिचा आवाज त्याच्या कानावर पडला. हळू, मऊ, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. "येते मी," ती म्हणाली. "आपल्याला माझ्यामुळे फार त्रास झाला. आपण काळजी घ्यावी." आणि त्याच्या तोंडून, देवाशपथ त्याच्या मनात नसताना, सवयीने, ओठांच्या टोकापर्यंत 'छान' आलं. तो दात आवळून बसला म्हणून ते बाहेर पडलं नाही.

रिक्षा आली. रिक्षावाल्याने पेटी उचलली, पिशवी आत टाकली, मीनाबाईला दंड धरून बसवलं. रिक्षात बसताच तिने मोठा श्वास घेतला, पाय पसरले, पदर खोचला. "आज्जे, नीट बसलासा न्हवं?" रिक्षावाला म्हणाला. "बसलो रं बाबा. तुजी गाडी धावंल न्हवं? न्हाईतर मलाच ढकलाय लावशील!" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. समोरच्या गच्चीवरची बाई वळून बघायला लागली. फाउंड्रीतला आवाज होता तो, होता तसाच, एक टाका उसवलेला नव्हता. रिक्षावाला हसला. त्याने फाटकाशी अजून उकिडव्या बसलेल्या आदर्शकडे मान केली. "आन् ह्ये कोन, ल्योक काय तुमचा? लई वाईट वाटून घेतलंय त्यास्नी."

"न्हाई रं," मीनाबाई म्हणाली. "क्लासचं सर हायत त्ये. मी हितं घरकामाला हुतो."

"व्हय? किती वर्सं?"

"सा वर्सं. पोटावारी."

"आन् आता सोडलंसा?"

"सोडलं. चल."

रिक्षा सुरू झाली. अनुजा आत निघून गेली. आदर्शला उठता येईना. पाय भरून आले होते. दीक्षा रस्त्याच्या मध्यापर्यंत धावत गेली. आजीला काहीतरी सांगायचं राहिलं होतं तिचं. छाती भरून हाक मारायला तिने तोंड उघडलं, मग मागे वळून बापाकडे बघितलं, आणि फ्रॉकच्या खिशात हात घालून रुमाल शोधायला लागली. रुमाल खिशात अडकला होता. तो निघाला, तिने तोंड पुसलं, डावीकडून उजवीकडे, एकदाच. तोवर रिक्षा वळणावरून गेली होती.